पुस्तकी किंमत ४२, भाव १४ : अडचणीतल्या छोट्या खाण कंपनीचा शेअर कसा जोखावा

"अहो, पुस्तकी किंमत बेचाळीस आणि भाव चौदा. फुकटच आहे की!"

शनिवारी सकाळी एरंडवण्यात आमची चार-पाच जणांची बैठक असते. त्यातल्या एका मित्राने चहा यायच्या आत वार्षिक अहवाल टेबलावर आपटला. लोहखनिजाची एक छोटी कंपनी, एकच चालू खाण, तीही अर्धवट चालणारी. बँकेचे हप्ते थकलेले, शेअर वरच्या भावापासून ऐंशी टक्के पडलेला. त्या दिवशी दोन तास आम्ही तो अहवाल उलगडला, त्याच क्रमाने हे लिहितो आहे. कंपनीचं नाव सांगणार नाही, आकडेही बदलून सोपे केले आहेत. मी सेबीकडे नोंदलेला सल्लागार नाही, पण खाणीच्या शेअरमध्ये एकदा चांगला पोळलो आहे.

पुस्तकी किंमत खरवडून बघा

शेअर ६ कोटी, पुस्तकी किंमत (देणी वजा जाता ताळेबंदात एका शेअरच्या वाट्याला येणारी मालमत्ता) ४२ रुपये, म्हणजे भागधारकांची मालमत्ता २५२ कोटी. ही रक्कम कशात आहे ते ताळेबंदात शोधायला अर्धा तास पुरतो. आमच्या अहवालात ८५ कोटी 'चालू भांडवली काम' या सदरात होते : खनिज धुऊन त्याची प्रत वाढवण्याचा कारखाना, सहा वर्षं अर्धवट. ६० कोटी प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपनीला दिलेलं कर्ज, ज्यावर दोन वर्षं व्याज आलेलं नाही. आणि ७० कोटी ओव्हरबर्डनचे, म्हणजे खनिजावरची माती हटवण्याचे.

हे शेवटचं नीट समजून घ्या, कारण खाण सोडून दुसऱ्या कुठल्या धंद्यात ते दिसत नाही. खनिजाच्या वरची माती आणि निरुपयोगी दगड हटवायला खर्च येतो. त्या खर्चामुळे पुढच्या वर्षांत खनिज काढणं सोपं होणार असेल, तर हिशेबाच्या नियमांनुसार तो खर्च मालमत्ता म्हणून दाखवता येतो. नियम चुकीचा नाही. पण खाण बंद पडली तर ही 'मालमत्ता' म्हणजे डोंगरात पाडलेला एक खड्डा असतो आणि खड्ड्याला गिऱ्हाईक नसतं.

तीन रकमा मिळून २१५ कोटी. उरले ३७. शेअरमागे सहा रुपयांच्या आसपास. मित्राचा चेहरा इथेच थोडा उतरला. ही किंमत आहे असं मात्र मी म्हणत नाही. बेचाळीस हा आकडा डोक्यातून काढून टाकायचा, एवढंच या पायरीचं काम.

पीई (भाव भागिले शेअरमागचा वर्षाचा नफा) तर बघूच नका. खनिजाचा भाव शिखरावर असतो तेव्हा नफा फुगतो, पीई तीन-चार दिसतो आणि शेअर स्वस्त वाटतो. नेमकं तेव्हाच तो सर्वांत महाग असतो.

कंपनीकडे खाण नाही, मुदतीची परवानगी आहे

गिरणीतून पीठ बाहेर गेलं तरी गिरणी जागेवर राहते. खाणीतून ट्रक बाहेर गेला की खाण तेवढी संपली. त्यात जमिनीखालचं खनिज कंपनीच्या मालकीचंही नसतं. कंपनीकडे असतो तो खाणपट्टा, आणि त्याला तारीख असते. म्हणून अहवालातला नफा-तोटा बघण्याआधी मी तारखा शोधतो.

खाण आणि खनिजांच्या १९५७ च्या कायद्यात २०१५ साली मोठा बदल झाला. प्रमुख खनिजांचे नवे पट्टे लिलावाने द्यायचे ठरले, पट्ट्याची मुदत ५० वर्षांची झाली आणि नूतनीकरणाची पद्धत गेली. जुन्या पट्ट्यांना सवलत मिळाली : खनिज स्वतःच्या कारखान्यात वापरणाऱ्यांना किमान ३१ मार्च २०३० पर्यंत, बाजारात विकणाऱ्यांना किमान ३१ मार्च २०२० पर्यंत, किंवा मूळ पट्ट्याला ५० वर्षं होईपर्यंत, यात जे नंतरचं असेल ते. मुदत संपली की पट्टा पुन्हा लिलावात. २०२० मध्ये ओडिशात अशा संपलेल्या खाणींचे लिलाव झाले, तेव्हा काही बोली सरासरी विक्री किमतीच्या शंभर टक्क्यांच्याही वर गेल्या. म्हणजे शंभर रुपयांचं खनिज विकून सरकारला शंभराहून जास्त द्यायची तयारी. ज्यांचा स्वतःचा पोलाद कारखाना आहे ते अशी बोली लावू शकतात. आपली कर्जबाजारी छोटी कंपनी तिथे उभीही राहू शकत नाही. तेव्हा 'पट्टा पुढे वाढेलच' असं कोणी म्हणालं तर ते वाक्य सोडून द्या आणि मुदतीनंतरची किंमत शून्य धरा.

पट्ट्याशिवाय चार कागद लागतात : पर्यावरण मंजुरी, वनजमीन असेल तर वन मंजुरी, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सने मान्य केलेला खाणकाम आराखडा आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. यातला एक जरी नसला तरी ट्रक हलत नाही. पर्यावरण मंजुरीचे कागद, जनसुनावणीचं इतिवृत्त आणि अटींच्या पालनाचे सहामाही अहवाल 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर शोधता येतात. जनसुनावणी जरूर वाचा. पाण्याचा झरा आटला, काजूच्या बागेवर धूळ बसते असं गावकरी तिथे बोललेले असतात आणि पुढची याचिका बहुधा त्यातूनच उगवते. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ आपल्या पुण्यातच आहे. महाराष्ट्र, गोवा, गुजरातच्या खाणींची प्रकरणं तिथे येतात. कंपनीचं नाव टाकून आदेश शोधायला पैसे पडत नाहीत.

मी पोळलो तो इथे. २०११ साली मी एक शेअर घेतला होता, गोव्याच्या खनिजावर जगणारा. खनिज उत्तम, कर्ज माफक, भाव स्वस्त. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं. पुढे ते सुरू झालं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरणच रद्द केलं, १६ मार्चपासून काम पुन्हा बंद. माझ्या हिशेबात खनिजाचा भाव, डॉलर, चीनची मागणी असं सगळं होतं. परवानगीचा रकाना नव्हता.

टन किती, आणि कुठले टन

कंपनीच्या सादरीकरणात ठळक अक्षरांत होतं : १ कोटी २० लाख टन खनिज. या आकड्याला तीन चाळण्या लावायच्या.

पहिली चाळणी वर्गाची. आपल्याकडे खनिजाचे साठे यूएनएफसी या संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीतल्या तीन आकडी सांकेतिक क्रमांकांनी मांडतात. १११ म्हणजे सिद्ध साठा, १२१ आणि १२२ म्हणजे संभाव्य साठा. यांचा आर्थिक आणि तांत्रिक अभ्यास झालेला असतो. ३३१, ३३२, ३३३ असे क्रमांक दिसले तर ती फक्त संपत्ती : जमिनीखाली आहे असा अंदाज, पण काढणं परवडेल का ते ठरलेलं नाही. आमच्या सव्वा कोटीच्या घरातल्या आकड्यात १११ ते १२२ या वर्गातले होते ४५ लाख टन.

दुसरी चाळणी परवानगीची. पर्यावरण मंजुरी वर्षाला ४ लाख टनांची, पट्टा शिल्लक ९ वर्षांचा. पहिलं वर्ष खाण पूर्ववत करण्यात जाणार. राहिली ८ वर्षं, म्हणजे जास्तीत जास्त ३२ लाख टन. वरचे १३ लाख सिद्ध असले तरी आपल्यासाठी नाहीत.

तिसरी प्रतीची. ६२ टक्के लोहाचं खनिज आणि ५५ टक्क्यांचं खनिज यांच्या भावात मोठं अंतर असतं, आणि लंप्सना (मोठ्या खड्यांना) फाइन्सपेक्षा (बारीक चुऱ्यापेक्षा) जास्त भाव मिळतो. डंपमध्ये, म्हणजे खाणीच्या कडेच्या ढिगात, पडलेला कमी प्रतीचा माल कंपन्या 'साठा' म्हणून मिरवतात. तो उचलायला कोणी तयार आहे का, एवढंच विचारा.

नमुन्यांची चाचणी कोणी केली हेही बघावं. बोरिओतल्या बुसांग इथे प्रचंड सोनं सापडल्याचं सांगणारी कॅनडाची ब्री-एक्स ही कंपनी १९९७ मध्ये कोसळली. दगडाच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. तोवर मोठमोठे फंड त्यात अडकले होते. लोहखनिजात अशी लबाडी करणं अवघड आहे, कारण ते टनांनी विकलं जातं, ग्रॅमने नाही.

एका टनामागे हातात काय राहतं

खाणीच्या तोंडाशी भाव टनाला ३,००० रुपये धरू. लोहखनिजावर रॉयल्टी (खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायचा मोबदला) १५ टक्के, म्हणजे ४५०. ही रॉयल्टी कंपनीने ज्या भावाला माल विकला त्यावर नसते, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स राज्यवार आणि प्रतवार जी सरासरी विक्री किंमत जाहीर करतं त्यावर असते. अडचणीतली कंपनी रोख हवी म्हणून स्वस्तात माल काढते, पण रॉयल्टी सरासरीवर भरते. हा चिमटा नफ्या-तोट्याच्या पत्रकात वेगळा दिसत नाही. १२ जानेवारी २०१५ च्या आधीचा पट्टा असेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानला (खाणीची झळ पोचलेल्या भागासाठीच्या निधीला) रॉयल्टीच्या ३० टक्के, म्हणजे आणखी १३५. खनिज शोधाच्या राष्ट्रीय निधीचा किरकोळ वाटा मिळवून एकूण ६०० धरा, भावाच्या वीस टक्के.

पुढे खाणकाम. एक टन खनिजासाठी अडीच टन माती-दगड हलवावा लागतो, असं आराखड्यात होतं. एकूण साडेतीन टन. पोकलेन आणि डंपरवाल्या कंत्राटदाराचा दर टनाला २५० धरला तर ८७५ रुपये. क्रशिंग-स्क्रीनिंग (खनिज फोडणं आणि चाळणं) २००, बाकी सगळं ३२५. बेरीज १,४००. तेव्हा हातात टनाला १,००० रुपये, तेही व्याज, कर आणि यंत्रांची डागडुजी यांच्या आधी.

माती आणि खनिजाचं हे प्रमाण गेल्या तीन वर्षांत कसं बदललं ते आवर्जून काढा. पैशाची चणचण असलेली कंपनी माती हटवणं थांबवते आणि समोर दिसणारं खनिज तेवढं ओरबाडते. दोन वर्षं खर्च कमी दिसतो, नफा बरा दिसतो. तिसऱ्या वर्षी खनिजापर्यंत पोचायलाच वीस कोटी लागतात. आमच्या कंपनीत नेमकं हेच झालं होतं.

आकडे खरे आहेत का हे तपासायचा एक गावठी उपाय सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आणि एक मित्र पहाटे पुण्याहून निघून कोल्हापूरच्या पलीकडे एका खाणीवर गेलो होतो. आत कोणी सोडलं नाही. वे-ब्रिजसमोर (ट्रकच्या वजनकाट्यासमोर) चहाची टपरी होती, तिथे बसलो. कंपनी वर्षाला अडीच लाख टन सांगत होती. पावसाळ्याचे चार महिने वजा केले तर कामाचे दोनशे दिवस, दिवसाला १,२५० टन, सोळा टनी ट्रक धरला तर अठ्ठ्याहत्तर फेऱ्या. टपरीवाल्याला विचारलं, दिवसाला गाड्या किती भरतात? "कुठल्या गाड्या साहेब, पंधरा-वीस झाल्या तर नशीब." जाणं जमत नसेल तर गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं लावून बघा. दोन वर्षांत खड्ड्याची कड हललीच नसेल, तर उत्पादनाचा आकडा आला कुठून, हा प्रश्न विचारायला हवा.

रांगेत तुमच्या पुढे कोण उभं आहे

निम्मा वेळ या पायरीला द्या. वार्षिक अहवाल मागून वाचायला घ्या, अध्यक्षांचं भाषण राहिलं तरी चालेल.

सुरुवात ऑडिटरच्या अहवालापासून. कंपनी पुढे चालू राहील का याबद्दल 'महत्त्वाची अनिश्चितता' असा परिच्छेद आहे का? मग कॅरोचं परिशिष्ट, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या मुद्द्यांवर ऑडिटरने द्यायची उत्तरं. त्यात बँकेचे कुठले हप्ते थकले आणि सरकारचं कुठलं देणं कुठल्या न्यायालयात अडकलं आहे, याची यादीच असते. त्यानंतर संभाव्य देण्यांची टीप. ती ताळेबंदात धरलेली नसते, म्हणून बरेच जण तिथवर पोचतच नाहीत.

खाणीच्या बाबतीत ती टीप विषारी असू शकते. २ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने ओडिशाच्या प्रकरणात ठरवलं की पर्यावरण मंजुरीशिवाय किंवा मंजुरीपेक्षा जास्त काढलेल्या खनिजाची पूर्ण किंमत सरकारला द्यावी लागेल. नफा नव्हे, किंमत. दहा वर्षांपूर्वीचं जास्तीचं उत्पादन आज कंपनी बुडवू शकतं. २५ जुलै २०२४ च्या निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक असं ठरवलं की रॉयल्टी हा कर नाही आणि राज्यं खनिज हक्कांवर वेगळा कर लावू शकतात. पुढच्याच महिन्यात स्पष्ट झालं की १ एप्रिल २००५ पासूनची मागणी करता येईल, आणि ती १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत विभागून भरायची. ज्या राज्यात कंपनीची खाण आहे त्या राज्याने असा कर लावला आहे का, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरले की त्या कंपनीचे कागद बघता येतात. त्यात तारणांची नोंद असते : कुठली मालमत्ता कोणाकडे, कधी, किती रकमेला गहाण. प्रवर्तकांचे किती शेअर तारण आहेत ते दर तिमाहीच्या भागधारणेच्या पत्रकात मिळतं. तारण शेअर जास्त असतील तर भाव पडला की सावकार ते विकतो, त्याने भाव आणखी पडतो, आणि ते तुम्ही झोपेत असताना होतं.

पैसे न मिळालेला पोकलेनवाला कंत्राटदारही कंपनीला दिवाळखोरीत ओढू शकतो. थकबाकी एक कोटी झाली की तो राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाकडे (एनसीएलटीकडे) अर्ज करू शकतो. एकदा ते प्रकरण सुरू झालं की रांग कायद्याने ठरलेली असते : आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारणधारी बँका आणि कामगार, मग बाकीचे, आणि साधे भागधारक सगळ्यात शेवटी. नवा मालक येतो तेव्हा जुने शेअर बऱ्याचदा रद्दच होतात. कंपनी वाचते, खाण चालू होते, कामगारांचे पगार सुरू होतात आणि डीमॅट खात्यातली तुमची ओळ नाहीशी होते. 'कंपनी वाचेल' आणि 'शेअर वाचेल' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

आता कागद-पेन्सिल

वर्षाला ४ लाख टन, टनाला १,००० : ४० कोटी. डागडुजी ४ कोटी, कर अंदाजे ८ कोटी. राहिले २८ कोटी, आठ वर्षं, दुसऱ्या वर्षापासून. हे पैसे आजच्या किमतीत आणायला मी १८ टक्के दर धरतो. बँक अशा कंपनीला तेरा-चौदा टक्क्यांनी देते, आणि आपण तर बँकेच्याही मागे. त्या दराने आजची किंमत साधारण ९७ कोटी होते. खाण पूर्ववत करायचे २० कोटी वजा केले की सगळ्या धंद्याची किंमत ७७ कोटी.

आता रांग. निव्वळ कर्ज ९० कोटी (कर्ज ९५, रोख ५). खाण बंद करताना जमीन पूर्ववत करायचे १० कोटी. वादातलं देणं ४० कोटी, त्याचं निम्मं धरू, २०. एकूण १२०. म्हणजे ७७ वजा १२०, उणे ४३ कोटी.

खाण सुरू करायला पैसे येणार कुठून? कंपनी राइट्स इश्यूच्या (आहे त्या भागधारकांनाच नवे शेअर देऊन पैसे उभारण्याच्या) विचारात होती : १० रुपयांनी ३ कोटी नवे शेअर, ३० कोटी. ते मिळवले तरी उणे १३. भागायचं असेल तर ९ कोटी शेअरने भागायचं, ६ ने नाही. आजच्या शेअरसंख्येने भागणं ही सर्वांत मोठी चूक, कारण अडचणीतल्या कंपनीत शेअर वाढणार हे जवळपास ठरलेलंच असतं.

भाव ३,८०० झाला तर? सरकारचा वाटा ७६०, खर्च तोच, टनाला १,६४०. वर्षाला साडेपासष्ट कोटी, डागडुजी आणि कर जाऊन ४७. त्याच रीतीने धंद्याची किंमत १४३, रांग वजा जाता २३, नवे ३० मिळवून ५३. नऊ कोटींनी भागलं : शेअरमागे ५ रुपये ९० पैसे. भाव सत्तावीस टक्क्यांनी वाढला तर शेअर शून्यावरून सहावर जातो. कर्जाखाली दबलेल्या खाणीचा शेअर असा उसळतो, आणि लोकांना भुरळ पडते ती या उसळीची. भाव २,४०० झाला तर मात्र हिशेब मांडायचीही गरज नाही.

मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो उलटा हिशेब. बाजार १४ रुपये देतो आहे, तर बाजाराने काय गृहीत धरलं आहे? मागे मागे जात गेलं की उत्तर येतं : खनिजाचा भाव ४,७०० च्या आसपास, आणि तोही आठ वर्षं सलग. मित्राला विचारलं, "तुम्हाला हे पटतं का?" ते म्हणाले, "आठ वर्षं तर आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी टिकत नाही."

घ्यायचाच असेल तर

तर अशी रक्कम, जी पूर्ण गेली तरी घरात सांगता येईल. शेअर एक्स्चेंजच्या देखरेखीच्या यादीत किंवा ट्रेड-टू-ट्रेडमध्ये (त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही अशा गटात) आहे का ते आधी बघा. पाच टक्क्यांचं सर्किट (भाव एका दिवसात हलायची मर्यादा) असेल तर वाईट बातमीनंतर रोज लोअर सर्किट लागतं आणि विकायला गिऱ्हाईकच मिळत नाही. अशा शेअरला स्टॉप लॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर) लावून ठेवणं म्हणजे दार नसलेल्या खोलीला कडी लावणं.

आणि चार घटनांची वाट बघा : बँकेशी एकरकमी तडजोडीचं पत्र, पर्यावरण मंजुरीचा नवा आदेश, अर्धवट कारखान्याची विक्री, आणि सलग दोन तिमाहींत खरोखर वाढलेलं उत्पादन. यातली पहिली घडल्यावर भाव वर गेलेला असेल, तरी चढ्या भावाला घेणं मला परवडतं.

त्याच रात्री अकराला मित्राचा फोन आला. घरी जाऊन त्यांनी टिपा शेवटपर्यंत वाचल्या होत्या. प्रवर्तकांच्या त्या दुसऱ्या कंपनीच्या कर्जाला आपल्या कंपनीने २३ कोटींची जामीनकी दिलेली होती, आणि ती दुसरी कंपनीही हप्ते भरत नव्हती. रांगेत २३ कोटी वाढवून आम्ही फोनवरच पुन्हा भागाकार केला. ३,८०० च्या भावालाही शेअरमागे ५ रुपये ९० पैशांचे ३ रुपये ३० पैसे झाले.